कडेला बसलेला माणूस

टेनिस मला खेळता येत नाही, हे आधीच सांगून टाकलेले बरे. आयुष्यात एकदाच मी टेनिसची रॅकेट हातात धरली, आणि तीही एका मित्राच्या माळ्यावरची अडगळ खाली उतरवताना. पण खेळता न येणाऱ्याने खेळाबद्दल बोलू नये असा कायदा केला, तर क्रिकेटच्या दिवसांत आपल्या लोकलगाड्या मुक्यानेच धावतील. शिवाय मला सांगायचे आहे ते खेळणाऱ्याबद्दल नाहीच. खेळणाऱ्याच्या मागे, प्रेक्षकांत, दगडासारखा चेहरा करून बसलेल्या एका माणसाबद्दल सांगायचे आहे. त्याचे नाव इव्हान लेंडल.

हा माणूस मला पहिल्यांदा भेटला तो १९८६ सालच्या जुलैत. मी तेव्हा पाचवीत होतो. गिरगावातल्या आमच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर एकाच बिऱ्हाडात टीव्ही होता, आणि विंबल्डनच्या अंतिम सामन्याच्या संध्याकाळी त्या खोलीला गणपतीच्या मंडपाची कळा यायची. पुढे आम्ही पोरे सतरंजीवर, मागे बाप्ये खाटेवर, आणि दारात पोळ्या लाटायच्या हातानेच उभ्या राहिलेल्या बायका. एका बाजूला बोरिस बेकर. अठरा वर्षांचा, लालसर केसांचा, चेंडूमागे गवतावर अंग झोकून देणारा. आदल्याच वर्षी तो विंबल्डन जिंकला होता. दुसऱ्या बाजूला लेंडल, जगातला पहिल्या क्रमांकाचा खेळाडू. उंच, हडकुळा, गालफडे बसलेली. घामाने हात ओले होऊ नयेत म्हणून हा गृहस्थ विजारीच्या खिशात लाकडाचा भुसा बाळगायचा आणि दर थोड्या वेळाने तो मुठीत चोळायचा. चेहऱ्यावरची सुरकुतीही हलायची नाही. सगळी चाळ बेकरच्या बाजूची. एकटे आमचे अण्णा लेंडलच्या बाजूचे.

"अण्णा, त्यात काय पाहता हो एवढं? नुसतं यंत्र आहे ते!" कोणीतरी म्हणाले.

"ह्या पोराला देवानं दिलंय," अण्णा बेकरकडे बोट दाखवून म्हणाले, "आणि तो दुसरा आहे ना, तो कमावून आलाय."

यंत्र सरळ तीन सेटमध्ये हरले. अण्णा काही न बोलता उठले, बिऱ्हाडाच्या दारातल्या पंधरा चपलांतून आपल्या चपला शोधल्या आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले.

अण्णांचे लेंडलवर प्रेम का, हे समजायला मला पुढे बरीच वर्षे लागली. अण्णा एका कचेरीत कारकून होते. वरच्या जागेसाठी खात्याची परीक्षा असे. ती त्यांनी तीन वेळा दिली आणि तिन्ही वेळा थोडक्यात हुकली. पण नियम, पोटनियम, परिपत्रके असे सगळे त्यांना तोंडपाठ होते, आणि त्यामुळे कचेरीतली नवी मुले संध्याकाळी आमच्याकडे यायची. अण्णा त्यांना शिकवायचे. ती मुले पास व्हायची, पेढे घेऊन यायची, नमस्कार करायची आणि अण्णांच्या वर जाऊन बसायची. "पेढे नेहमी दुसऱ्याचेच खा तुम्ही!" असे आई म्हणायची. अण्णा खरोखरच चवीने खायचे. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत राहायचो. कुठे काही दुखते आहे का, ते शोधायचो. कधी सापडले नाही. फक्त एकदा, त्यांनीच शिकवलेला एक मुलगा त्यांच्याच विभागाचा साहेब झाला, त्या रात्री पेढे देऊन तो निघून गेल्यावर अण्णा मोरीत बराच वेळ हात धूत उभे होते. पाण्याची वेळ कधीच संपली होती. नळाला करंगळीएवढी धार होती.

१९८७ साली लेंडल पुन्हा अंतिम सामन्यात आला. ह्या वेळी समोर ऑस्ट्रेलियाचा पॅट कॅश. पुन्हा सरळ तीन सेट, पुन्हा हार. पण त्या दिवशी एक नवल घडले. शेवटचा गुण मिळताच कॅश हस्तांदोलन करून सरळ प्रेक्षकांत घुसला, लोकांच्या खांद्यांवरून, छपरावरून चढत वर गेला आणि आपल्या माणसांना त्याने मिठी मारली. विंबल्डनसारख्या सोवळ्या ठिकाणी असे कोणी कधी केले नव्हते. आम्ही पोरे टाळ्या पिटत होतो. अण्णा मात्र म्हणाले, "अरे, तो खाली उभा आहे तो बघा." खाली लेंडल उभा होता. विजेता वर चढून गेला आहे. तो उतरेपर्यंत समारंभ सुरू व्हायचा नाही, आणि हरलेल्याने तोपर्यंत करायचे काय? त्याने फक्त वाट पाहायची.

इथे थोडे लेंडलचे चरित्र सांगितले पाहिजे. जन्म १९६० चा, चेकोस्लोव्हाकियातल्या ऑस्ट्रावा गावचा. आई-वडील दोघेही टेनिस खेळणारे. आई तर देशातल्या पहिल्या काही खेळाडूंपैकी. आई सराव करताना हे पोर जाळीच्या खांबाला बांधून ठेवी, अशी कथा सांगतात. मोठ्या स्पर्धांच्या पहिल्या चारही अंतिम सामन्यांत तो हरला. बोर्गकडून, कॉनर्सकडून दोनदा, विलँडरकडून. "ऐन वेळी कच खाणारा" असा शिक्का बसला. पाचवा अंतिम सामना १९८४ साली पॅरिसला मॅकेन्रोशी. मॅकेन्रो त्या वर्षी जवळजवळ कोणाकडून हरतच नव्हता. पहिले दोन्ही सेट त्याने घेतले. आणि तिथून लेंडल उलटला, पुढचे तिन्ही सेट जिंकला. त्यानंतर मात्र त्याने मागे पाहिले नाही. एकूण आठ मोठी अजिंक्यपदे, न्यूयॉर्कला सलग आठ वर्षे अंतिम फेरी, एकूण ९४ स्पर्धा, आणि २७० आठवडे जगात पहिला.

राहिले ते फक्त विंबल्डन. कारण विंबल्डन गवतावर खेळतात, आणि गवत लेंडलला मानवत नव्हते. गवतावर चेंडू फारसा उसळत नाही, सरपटत येतो. लेंडलचा फटका लांबून घुमवून मारलेला; त्याला चेंडू कमरेपर्यंत वर यायला हवा आणि वेळही हवा. त्या काळी गवतावर सर्व्हिस करून जाळीकडे धावायचे आणि टप्पा पडायच्या आत चेंडू हवेतच परतवायचा, अशी रीत होती. लेंडल मागच्या रेषेवरचा माणूस. गवत गाईंसाठी असते, असे एक वाक्य त्याच्या नावावर खपते. ते त्याचेच असो वा नसो, पण ज्याने ते म्हटले असेल त्याला द्राक्षे फार उंच लागली असावीत एवढे खरे.

मग त्याने टोनी रोशला गुरू केले. हा रोश म्हणजे डावखुरा ऑस्ट्रेलियन, जाळीजवळच्या खेळात हातखंडा असलेला. दुहेरीत न्यूकोंबच्या जोडीने तो पाच वेळा विंबल्डन जिंकला. पण एकेरीत १९६८ साली अंतिम सामन्यात रॉड लेव्हरकडून हरला, आणि ते पद त्याला कधीच मिळाले नाही. म्हणजे ज्याला स्वतःला दार उघडता आले नाही तो दुसऱ्याला किल्ली घडवून देत होता. तिशीच्या आसपास पोहोचलेला, जगज्जेता म्हणवणारा माणूस पोरासारखा जाळीजवळचे फटके नव्याने गिरवू लागला. १९९० साली तर लेंडलने कमालच केली. जी पॅरिसची स्पर्धा तो तीन वेळा जिंकला होता, ती त्याने त्या वर्षी सोडूनच दिली आणि तो वेळ गवतावर घालवला. विंबल्डनच्या आधीची लंडनची स्पर्धा तो बेकरला हरवून जिंकलाही. आणि विंबल्डनला उपांत्य फेरीत एडबर्गने त्याला सरळ तीन सेटमध्ये घरी पाठवले. पुढे पाठीने दगा दिला. १९९४ च्या डिसेंबरात त्याने खेळ सोडला. टेनिसपासून तो असा दूर गेला की वर्षानुवर्षे गोल्फच खेळत राहिला. अण्णा म्हणायचे, "बरोबर आहे. ज्या गल्लीत आपलं घर होता होता राहिलं, त्या गल्लीतून माणूस जात नाही." मी मनात म्हणायचो, मग तुम्ही कसे रोज संध्याकाळी त्या गल्लीत बसता?

अण्णा २००९ साली गेले. लेंडल टेनिसमध्ये परत आलेला त्यांनी पाहिला नाही.

२०११ साल संपता संपता बातमी आली, की स्कॉटलंडच्या अँडी मरेने लेंडलला प्रशिक्षक नेमले. मरे तोवर तीन मोठे अंतिम सामने हरला होता, आणि त्या तीनांत त्याला एक सेटसुद्धा मिळाला नव्हता. चौथा हरला तो २०१२ च्या विंबल्डनला, फेडररकडून. भर मैदानात ध्वनिक्षेपक हातात घेऊन तो रडला. चार आठवड्यांनी त्याच मैदानावर, त्याच फेडररला हरवून त्याने ऑलिंपिकचे सुवर्णपदक मिळवले, आणि सप्टेंबरात न्यूयॉर्कला जोकोविचशी जवळजवळ पाच तास झुंजून पहिले मोठे अजिंक्यपद. पहिल्या चार अंतिम सामन्यांत हार आणि पाचव्यात जीत. गुरूची पत्रिका शिष्याने तशीच्या तशी उतरवून घेतली म्हणा ना!

लेंडलने त्याला दिले तरी काय? जाणकार सांगतात, की मरेचा उजव्या हाताचा फटका सपाट आणि धारदार केला. मागे राहून चेंडू परतवत बसण्याऐवजी पुढे सरसावून गुण घ्यायला लावले. मैदानावर स्वतःवरच चिडचिड करण्यात जी शक्ती जाई ती वाचवली. असेल. पण मला विचाराल तर त्याने मुख्य गोष्ट दिली ती म्हणजे त्याचे चार पराभव. चार वेळा हरूनही माणूस संपत नाही, हे शंभर पुस्तके सांगतील. ज्याचे झाले आहे तो नुसता समोर बसला तरी पुरते.

आणि बसायचेच होते. त्या काळी सामना चालू असताना प्रशिक्षकाने खेळाडूला एक अक्षर सांगायचे नाही, असा नियम होता. २०२२ पासून तो हळूहळू सैल होत गेला. आम्हा मास्तरांना ही स्थिती चांगली ठाऊक आहे. परीक्षेच्या दालनात पर्यवेक्षक म्हणून फिरताना आपला हुशार विद्यार्थी प्रश्न चुकीचा वाचून धडाधड पुरवण्या भरताना दिसतो. जीभ टाळ्याला चिकटवून पुढच्या बाकाकडे जायचे. वर्षभर बडबड करण्यासाठी पगार घेतलेला असतो. खरी गरज असते त्या तीन तासांत तोंड बंद.

गुरूने शिष्याकडून हार इच्छावी, असे आपल्या पूर्वजांनी म्हणून ठेवले आहे. ज्याने म्हटले त्याचा शिष्य त्या वेळी जवळपास नसावा. मी हे थट्टेने म्हणत नाही. शिवाजी पार्कवरचे रमाकांत आचरेकर सर प्रथम दर्जाचा एकच सामना खेळले, आणि त्यांचा सचिन दोनशे कसोटी सामने खेळला. सरांनी त्यावर कधी सुस्कारा टाकला असेल असे वाटत नाही. पण सगळ्यांचेच मन तेवढे मोठे असते असे नाही. माझे नव्हते, आणि ते मला २०१३ सालीच कळले.

त्या वर्षी एप्रिलात, परीक्षा संपल्यावर, एम.ए.चा एक विद्यार्थी माझ्याकडे एक जाड वही देऊन गेला. मुलगा बीडकडचा, आई-वडील ऊसतोडणीला जाणारे. वर्गात कधी बोलायचा नाही. "सर, कादंबरी लिहून पाहिली. वाचाल का?" म्हणाला. मी त्याच रात्री पन्नास पाने वाचली आणि वही मिटली. ती वाईट असती तर फार बरे झाले असते. मी स्वतः दहा वर्षे एक कादंबरी लिहीत होतो: चाळ, अण्णा, खात्याची परीक्षा. एकशे बारा पानांवर ती अडली होती, अजून अडलेली आहे. माझ्या पानांत भाषा होती आणि माणसे नव्हती. ह्या पोराच्या पानांत माणसे होती आणि भाषा त्यांच्या मागून आपोआप चालत येत होती. मी वही टेबलाच्या खणात ठेवली. माझ्या एकशे बारा पानांच्या वर. मे गेला, जून गेला. कॉलेज सुरू झाले. मुलगा दोनदा व्हरांड्यात भेटला. "वाचतोय," मी म्हणालो. दुसऱ्या वेळी तर "जरा पाल्हाळ आहे" असेही म्हणालो. त्याने मान खाली घातली. ते वाक्य मला अजून ऐकू येते.

आणि ७ जुलैचा रविवार उजाडला. अंतिम सामना मरे आणि जोकोविच. १९३६ च्या फ्रेड पेरीनंतर ब्रिटनचा पुरुष तिथे जिंकला नव्हता, सत्त्याहत्तर वर्षे. दोन सेट मरेचे झाले. तिसऱ्यात शेवटच्या गेमला तीन गुण हाताशी होते, तिन्ही गेले. जोकोविच उलटतो की काय असे झाले. कॅमेरा पुन्हा पुन्हा वरच्या बाकाकडे जात होता. सगळ्या बाकांवर माणसे उठत होती, बसत होती, तोंडे झाकत होती. लेंडल हललासुद्धा नाही. मला वाटले, ह्याच्या जिभेवर आता काय काय येऊन थांबले असेल! ह्याच गवतासाठी पॅरिस सोडलेला माणूस हा. मग जोकोविचचा चेंडू जाळीत गेला. मरेने टोपी फेकली, गुडघे टेकले, उठला, आणि वर चढू लागला. कॅशने पाडलेल्या त्याच वाटेने, आपल्या माणसांकडे. आणि वर, ज्याला मिठी मारायची त्यांच्यात, लेंडल उभा होता. सव्वीस वर्षांपूर्वी तो खाली उभा होता.

लेंडल हसला. थोडेसेच, पण हसला. नंतर भाषणात मरेने सांगितले, की हे यश विशेषकरून इव्हानसाठी. खेळत होता तेव्हा हे मिळवण्यासाठी त्याने सगळे करून पाहिले होते.

सौ.ने विचारले, "अहो, रडताय काय? कोण लागतो तो तुमचा?" मी म्हटले, "अण्णांच्या ओळखीचा आहे."

रात्री खण उघडला. पहाटेपर्यंत वही वाचून काढली, हातात तांबडी पेन्सिल घेऊन. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी केलेल्या दुरुस्त्या पाहिल्या, तेव्हा लक्षात आले की मी त्याची कादंबरी सुधारत नव्हतो, माझी लिहीत होतो. "आईनं तवा पालथा घातला," असे त्याने एका ठिकाणी लिहिले होते. मी ते खोडून "आईने स्वयंपाक आटोपला" असे केले होते. तवा पालथा पडला तो पीठ संपले म्हणून. स्वयंपाक झालाच नव्हता, हे मला, मराठीच्या प्राध्यापकाला, दुसऱ्या वाचनात कळले! रबर घेऊन बसलो. चार दिवस खोडण्यातच गेले. शेवटी राहिल्या त्या खुणा थोड्याच. एक प्रकरण मागे घेण्याची, एक पात्र काढून टाकण्याची, आणि शेवटची चार पाने गाळण्याची. वही परत देताना मी म्हणालो, "पाल्हाळ नाहीये. मी तेव्हा वाचलीच नव्हती." हे निम्मे खोटे होते. पण निम्मे खरे सांगायलाही घसा साफ करावा लागला.

पुस्तक दोन वर्षांनी आले. बरे चालले. अर्पणपत्रिका आईला. ऋणनिर्देशात माझे नाव चौथे आहे, आणि आद्याक्षर चुकले आहे. तो पेढे घेऊन आला. मी खाल्ले. मोरीत जाऊन हात धुताना नळ जरा जास्त वेळ चालू राहिला, हेही कबूल करतो. आता पाण्याची वेळ नसते, एवढाच फरक.

लेंडलची आणि मरेची जोडी २०१४ साली फुटली, २०१६ साली पुन्हा जमली. त्या वर्षी मरे दुसऱ्यांदा विंबल्डन जिंकला. प्रतिस्पर्धी मिलोस राओनिच, आणि त्याच्या सल्लागारांत चक्क मॅकेन्रो! पॅरिसचे ते जुने भांडण बत्तीस वर्षांनी दुसऱ्यांच्या हातांनी चालू होते. सामना संपला तेव्हा कॅमेऱ्याने लेंडलचे डोळे जवळून दाखवले. ते ओले होते.

"बाबा, तो रडतोय?" माझ्या मुलाने विचारले.

"छे रे," मी म्हटले. "गवत मानवत नाही त्याला."

गेल्या आठवड्यात एक विद्यार्थिनी कथांची वही देऊन गेली आहे. खणात ठेवलेली नाही. टेबलावरच, चष्म्याच्या घराखाली आहे. दिवाळीच्या सुटीत वाचून परत द्यायची आहे. पहिली कथा वाचली. चांगली आहे. पेन्सिल अजून हातात घेतलेली नाही.